पहिली ते चौथीला चित्रकला आणि संगीत दोन्ही एकटीने शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

पानोपानी

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे.

मी प्राथमिकला वर्गशिक्षिका आहे, भाषा गणित सगळं मीच घेते आणि आता चित्रकला आणि संगीताचे तासही माझ्याकडेच आलेत. मुलं सहा ते दहा वर्षांची. या दोन विषयांचं वेगळं शिक्षण मी घेतलेलं नाही, गाणं आवडतं, सुरात म्हणता येतं, पण स्वरज्ञान वगैरे नाही. हे तास नुसते उरकायचे नाहीयेत मला, मुलं या तासांची वाट बघतात आणि त्यातून त्यांना खरंच काहीतरी मिळावं असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की फळ्यावर चित्र काढून दिलं की सगळ्या वह्यांत तेच चित्र, आणि "तुमच्या मनाचं काढा" म्हटलं की निम्मी मुलं पेन्सिल चावत बसतात आणि उरलेली दोन डोंगर, मधे सूर्य, खाली घर. तिसरीतली एक मुलगी तर दर तासाला वही घेऊन माझ्यापाशी येते, बाई तुम्हीच काढून द्या ना, मला नाही येत. काढून द्यावं का?

गाण्यात काही मुलं अख्खं गाणं एकाच सुरात म्हणतात, बाकीची त्यांच्याकडे बघून हसतात. कार्यक्रमाच्या वेळी मला कोणीतरी सुचवलं की त्या मुलांना नुसते ओठ हलवायला सांगा. ते अजिबात पटलं नाही, पण मग करायचं काय?

शिवाय मार्कांचं. चित्राला दहापैकी सात म्हणजे नक्की काय? आणि पालक विचारतात याचा पुढे उपयोग काय, तेव्हा "संगीताने गणित सुधारतं" असं उत्तर सगळेच देतात, ते खरं आहे का?

कोणी प्रत्यक्ष वर्गात करून बघितलेलं सांगितलं तर फार बरं होईल.

निळाई

पानोपानी ताई, आधी त्या मुलीचं. तिच्या कागदावर काढून देऊ नका, एक रेघसुद्धा नको. तुमची सफाईदार रेघ शेजारी आली की तिला स्वतःची रेघ वाईटच दिसणार आणि पुढच्या तासाला ती परत तुमच्याकडे येणार. त्यापेक्षा काय काढायचंय ते विचारा. समजा मांजर म्हणाली, तर ते बसलंय का पळतंय, शेपूट कुठे आहे, इथून त्याचे किती पाय दिसतात, कान कुठल्या बाजूला वळलेत. मी बघितलंय की "येत नाही" म्हणणाऱ्या मुलांचा हात चांगला चालत असतो, डोळ्यासमोर मांजर नीट आलेलं नसतं एवढंच. अगदीच अडली तर वेगळ्या कागदावर तीन-चार प्रकारची मांजरं भराभर काढून दाखवा आणि तो कागद बाजूला ठेवून द्या. एकच काढलं की ते "बरोबर मांजर" होऊन बसतं, तीन काढली की होत नाही.

"मनाचं काढा" हे मुलांना फार अवघड जातं हो. एवढं मोठं मोकळं मैदान दिलं की सगळी पाठ असलेल्या चित्राकडे पळतात, म्हणून ते डोंगर आणि सूर्य. विषय अरुंद करा. "पाऊस" असा नको, "वाऱ्याने माझी छत्री उलटी झाली" असा द्या. "शाळा" नको, "सुट्टीची घंटा झाल्यावर जिन्यात काय होतं" असा. मी आहे, कुठेतरी आहे आणि काहीतरी करतोय, हे तिन्ही विषयात आलं की कागद आपोआप भरायला लागतो. आणि काढायच्या आधी पाच मिनिटं ते करून बघायचं, उलटी झालेली छत्री कशी धराल, पाय कुठे रोवाल, मान कुठे वळेल. अंगातून गेलेली गोष्ट कागदावर वेगळीच उतरते, चौकोनी अंगाची काठीसारखी माणसं काढणारी मुलं अचानक वाकलेला हात काढतात!

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यांच्या वयांच्या रेषा फार कडक धरू नका पण वर्गात ते टप्पे अगदी दिसतात. साधारण चार ते सात वर्षांची मुलं वस्तू कागदावर तरंगत ठेवतात, डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस याच वयात सुरू होतो. सात ते नऊच्या आसपास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची निळी पट्टी येते आणि मधे सगळं मोकळं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. चेंडू झेलणाऱ्या मुलाचा हात अंगापेक्षा मोठा असतो कारण त्या क्षणी हातच महत्त्वाचा असतो. या चुका नाहीत, मूल त्या वयात जसा विचार करतं तसं ते आहे. "आभाळ खालपर्यंत असतं, मधे पांढरं का सोडलंस" असं म्हणून रंगवून घेतलं की मुलाला काहीच कळत नाही, बाईंना निळं आवडतं एवढंच कळतं. त्याऐवजी खिडकीपाशी न्या आणि आभाळ कुठे संपतंय ते बोटाने दाखव म्हणा, ज्याची वेळ आली असेल तो स्वतःहून पट्टी खाली आणेल.

कागद मोठा द्या, ब्रश जाड द्या. लहान मुलं खांद्यापासून हात फिरवतात, वहीच्या अर्ध्या पानावर त्यांची गळचेपी होते.

खर्ज

चित्रकलेत मला गती नाही, गाण्याचं सांगतो. लांब होईल.

"नुसते ओठ हलव" हे कुठल्याही मुलाला कधीही सांगू नका. मोठेपणी "मला गाता येत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी लोकांना विचारा, लहानपणी कोणीतरी असंच एक वाक्य म्हटलेलं त्यांना आजही आठवतं. एका सुरात म्हणणाऱ्या मुलाचा कान खराब असतो असं बहुतेक वेळा नसतंच. ते मूल बोलण्याचाच आवाज वापरत असतं आणि गाण्याचा आवाज वेगळा लागतो हे त्याला अजून सापडलेलं नसतं.

दुसरं कारण म्हणजे आपण. मोठी माणसं स्वतःला सोयीची पट्टी धरतात आणि ती मुलांना खूप खाली पडते. कीबोर्डवरचा मधला सी म्हणजे सा धरा, तर सहा-सात वर्षांच्या मुलाला साधारण त्याच्या पुढच्या रे पासून ध पर्यंत आरामात जमतं. तेवढ्यात बसणारी छोटी गाणी आधी घ्या. पुरुष शिक्षक असेल तर अजून एक भानगड, त्याचा आवाज एक सप्तक खाली असतो, काही मुलं त्याच्या जाड आवाजाची नक्कल करायला जातात आणि घशात अडकतात, तिथे सुरात असलेल्या एखाद्या मुलीला पुढे गायला लावलं की काम होतं.

तर करायचं काय. आधी आवाजाची घसरगुंडी, सायरनसारखा खालून वर, वरून खाली, वाऱ्याचा आवाज, बोटाने हवेत रेघ काढायची आणि आवाज त्या रेघेमागे न्यायचा. यात चूक-बरोबर काही नसतं त्यामुळे ती लाजणारी मुलं पण करतात आणि इथेच त्यांना वरचा आवाज सापडतो. मग हाका. लांबून कोणाला हाक मारताना आवाज वरून थोडा खाली येतो ना, तेवढंच अंतर घ्यायचं, प आणि ग, दोनच स्वर. त्यावर रोजची हजेरी घ्या, तुम्ही नाव गाऊन म्हणा, मुलाने त्याच दोन स्वरांत उत्तर द्यायचं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीत मुलांची सुरुवात याच दोन स्वरांनी होते, आणि तिथे केच्केमेत गावात १९५० साली पहिली अशी प्राथमिक शाळा सुरू झाली जिथे मुलं रोज गायची. रोज हा शब्द महत्त्वाचा. आठवड्यात एक लांब तास असण्यापेक्षा रोज पाच मिनिटं गाणं कितीतरी जास्त काम करतं, आणि तुम्ही वर्गशिक्षिका आहात म्हणजे हे तुमच्याच हातात आहे, हा फार मोठा फायदा आहे तुमचा.

आणि जे मूल एका सुरावर अडकलंय त्याला "माझ्यासारखं गा" म्हणू नका, तुम्ही त्याच्या सुरावर जा. तो जिथे आहे तिथे त्याच्याबरोबर गा. दोघांचा सूर जुळला की कसं वाटतं हे त्याला कदाचित पहिल्यांदाच कळेल. मग तिथून एक स्वर वर, मग अजून एक. हे एकेकट्याने करायचं, वर्गासमोर नाही.

लयीचं: चाल पायात, शब्द हातात. म्हणजे गाणं म्हणताना पावलं एकसारखी टाकायची आणि टाळ्या शब्दांच्या वजनाने वाजवायच्या. हे दोन वेगळे आहेत हे अंगाला कळेपर्यंत मात्रा, चिन्हं, लिहिणं काहीच आणू नका. एमिल जाक-दालक्रोझ जिनेव्हात मोठ्या विद्यार्थ्यांना संगीत शिकवायचे, त्यांना दिसलं की विद्यार्थी वाद्य बरोबर वाजवतात पण ताल आतून जाणवतच नाही, तेव्हा त्यांनी चालणं, थांबणं, वळणं यातून लय शिकवायला सुरुवात केली. वाजवायला काही मिळालंच, म्हणजे पट्ट्या काढता येणारा झायलोफोन (काठीने पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) वगैरे, तर म आणि नी च्या पट्ट्या काढून ठेवा. उरलेले सा रे ग प ध कसेही एकत्र वाजवले तरी कानाला बोचत नाहीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलं स्वतःचं काहीतरी वाजवू शकतात. कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमान या जर्मन संगीतकारांच्या पद्धतीत हे कायम वापरतात.

जुना_फळा

निळाईंचं बरंचसं पटलं पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे आणि ते सांगायलाच हवं. मुलांना मोकळं सोडा, काही शिकवू नका, हा विचार जुना आहे, फ्रांझ चिझेक यांनी व्हिएन्नात १८९७ मधे मुलांचे चित्रकलेचे वर्ग सुरू केले ते याच विश्वासावर, आणि त्या काळात मुलांकडून नुसत्या भूमितीच्या आकृत्या उतरवून घ्यायचे तेव्हा ते फार मोठं पाऊल होतं. पण नऊ-दहा वर्षांचं मूल स्वतःच म्हणायला लागतं की माझी सायकल सायकलसारखी दिसत नाही. त्या वेळी आपण "छान आहे, तुझ्या मनाची आहे" म्हटलं तर त्याला आपण खोटं बोलतोय हे कळतं. याच वयात कितीतरी मुलं चित्र काढणं कायमचं सोडतात. तेव्हा तिसरी-चौथीला थोडं तंत्र शिकवायलाच हवं. बघून काढणं शिकवा. वस्तूच्या कडेवर डोळा मुंगीच्या गतीने फिरवायचा आणि कागदाकडे न बघता हात तसाच फिरवायचा, चित्र वेडंवाकडं येतं पण डोळा थांबून बघायला शिकतो. वस्तूपेक्षा वस्तूच्या मधल्या पोकळीचा आकार काढायचा, खुर्चीच्या पायांमधली जागा वगैरे. पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते एवढं एक जरी चौथीपर्यंत समजलं तरी चित्रात खोली येते.

रंगांचं पण तसंच. लाल आणि निळा मिळून जांभळा असं पाठ करून घेतात, मग मुलगा मिसळतो आणि चॉकलेटी चिखल होतो आणि त्याला वाटतं माझंच चुकलं. नेहमीच्या लालमधे पिवळ्याची झाक असते म्हणून ते होतं, लालऐवजी गडद गुलाबी घ्या, स्वच्छ जांभळा मिळेल. हिरवा करताना पिवळा आधी घ्यायचा आणि निळा ब्रशच्या टोकाने थोडा थोडा, कारण निळा पिवळ्याला लगेच गिळतो, उलटं केलं तर पिवळ्याची अख्खी बाटली संपते. पहिले काही तास तयार हिरवा, जांभळा, केशरी लपवूनच ठेवा. एका पिवळ्या-निळ्यातून किती वेगवेगळे हिरवे निघतात ते करून सगळे एका मोठ्या कागदावर ओळीने लावायचे, मग मुलं बाहेर जाऊन त्यातला कुठला हिरवा कुठल्या पानाचा ते शोधत बसतात, इतकी रमतात की तास संपलेला कळत नाही.

अजून एक, कोणी बोलत नाही म्हणून. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी मुलं वर्गात असू शकतात, मुलग्यांमधे हे मुलींपेक्षा खूप जास्त असतं आणि त्या मुलालाही ते माहीत नसतं. झाडाचं खोड हिरवं आणि पानं चॉकलेटी रंगवली म्हणून ओरडू नका, रंगांच्या बाटल्यांवर नावं लिहून ठेवा आणि शंका आली तर पालकांना डोळे तपासायला सांगा.

निळाई

जुना_फळा सर, चौथीच्या बाबतीत मान्य. माझा जोर पहिली-दुसरीवर होता, तिथे घाईने तंत्र आणलं की नुसती नक्कल होते. पण पोकळीचा आकार काढायचं मी लिहायला हवं होतं, ते मुलांना कोड्यासारखं वाटतं आणि भरपूर आवडतं.

पानोपानी ताई, एक राहिलं. दर तासाला हाताने काढलंच पाहिजे असं नाही, कधीतरी नुसतं चित्र बघा. मोठ्या चित्रकाराचं एक चित्र, त्यात भरपूर काही घडत असेल असं, पीटर ब्रॉयगेलचं १५६० चं मुलांच्या खेळांचं चित्र घ्या, त्यात दोनशेच्या वर मुलं काही ना काही खेळतायत, आपली मुलं तासभर शोधत राहतील. चित्रकाराचं नाव, साल आधी सांगू नका. तीन प्रश्न पुरतात: या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? हे प्रश्न अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन यांनी तयार केलेल्या पद्धतीतले आहेत आणि दुसऱ्या प्रश्नात खरी जान आहे. "ती मुलगी दुःखी आहे", कशावरून, तर मूल परत चित्राकडे बघतं आणि खांदे, मान, सावली यांच्याबद्दल बोलायला लागतं. तुम्ही फक्त ते काय म्हणालं ते बोट ठेवून दाखवायचं आणि दुसऱ्या शब्दात परत म्हणायचं, शाबास, चूक, बरोबर काही नाही. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलं इथे बोलतात, हे मी परत परत बघितलंय.

दोघींची_आई

मी शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहितेय. कृपा करून प्रत्येक गोष्टीची स्पर्धा करू नका. माझी धाकटी घरी सतत चित्रं काढायची, मग वर्गात नंबर काढायला लागले आणि आता ती आधी विचारते हे स्पर्धेसाठी आहे का, नसेल तर कशाला काढू. तेव्हा शोधून वाचलं, १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला ज्यांना चित्र काढायची आधीच आवड होती. काहींना सांगितलं चित्र काढलंत तर फीत आणि सोनेरी चांदणी लावलेलं प्रमाणपत्र मिळेल, आणि दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले तर ही मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्र काढत होती. ज्यांना आधी न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांच्यात असं झालं नाही. म्हणजे बक्षिसासाठी काढायचं हे एकदा डोक्यात बसलं की संपलं.

आणि त्या गणिताबद्दल, आम्हा पालकांना ते सांगू नका प्लीज. मोझार्टचं संगीत ऐकून हुशारी वाढते असं ज्यावरून पसरलं तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, दहा मिनिटं ऐकलं आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत थोडा फायदा दिसला, तोही पंधराएक मिनिटं टिकला. त्यावरून अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी १९९८ मधे नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायला काढल्या! नंतर २००४ मधे कॅनडात सहा वर्षांच्या मुलांना वर्षभर संगीत शिकवून बघितलं, बुद्ध्यांक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला, किंचितच. या आधारावर संगीत शिकवायचं ठरवलं तर उद्या कोणी म्हणेल मग थेट गणितच शिकवा ना. मला माझ्या मुलीने गावं कारण गाताना ती किती आनंदात असते ते मला दिसतं, आणि दहा जणांत आपला आवाज मिसळायला तिला यावं. हे सरळ सांगा, पालकांना कळतं.

पानोपानी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. गाऊन हजेरी उद्यापासूनच सुरू करते, आणि त्या मुलीला मांजराचे प्रश्न.

दोन गोष्टी अजून. मार्क मला द्यावेच लागतात, त्यातून सुटका नाही, तर कशावर देऊ? आणि दुसरीत एक मुलगा आहे, वाजवायला घेतलं की कानांवर हात ठेवतो आणि टेबलाखाली जातो. बाकी शांत, हुशार आहे. त्याला काय करू?

निळाई

मार्कांसाठी प्रत्येकाची एक फाइल करा, चित्रामागे तारीख आणि मूल त्या चित्राबद्दल काय बोललं ते एका ओळीत लिहून ठेवा. मुलाची तुलना त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या चित्राशी. बघायचं काय, तर यावेळी बघून काहीतरी नवीन आलंय का, साहित्य आधीपेक्षा सहज वापरतोय का, अडल्यावर दुसरा मार्ग शोधला का सोडून दिलं. सुबकपणाला मार्क ठेवलेत की सगळी मुलं पट्टी घेऊन बसतील. आणि "छान" लिहू नका, "पळणाऱ्या कुत्र्याचे चारही पाय हवेत आहेत" असं लिहा, म्हणजे बाईंनी चित्र खरंच बघितलंय हे त्याला कळतं.

खर्ज

गाण्याचंही तसंच, वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या आवाजात एकच छोटं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि शेवटी परत तेच. फक्त ते तुमच्यापाशीच ठेवा, ग्रुपवर टाकू नका.

त्या मुलाचं: काही मुलांना मोठा आणि अचानक आवाज सहनच होत नाही, हट्ट नसतो तो. सगळ्या वर्गाचंच वाजवणं हळू करा, बाकावर काठ्या आपटण्यापेक्षा मांडीवर तळहात, बोटांची टिचकी, कागदाची सळसळ. सुरू करायच्या आधी हाताने खूण करा म्हणजे आवाज येणार हे त्याला आधी कळेल. आणि जमलं तर त्यालाच पुढे उभा करा, हात वर केला की सगळ्यांनी वाजवायचं, मूठ मिटली की सगळे गप्प. आवाज कधी थांबणार हे त्याच्या हातात आलं की बरीच मुलं टेबलाखालून बाहेर येतात. नाही आला तर दाराजवळ बसू दे, ऐकू दे लांबून, आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याही कानावर घाला.